खोक्यातले जहाज कोणाचे?

‘दुकानातून खोका आणला, त्यातले तुकडे चिकटवले आणि जहाज बांधले म्हणून मिरवले!’ यंदाच्या हस्तकला-प्रदर्शनात आमच्या शिडाच्या जहाजासमोर उभे राहून हा अभिप्राय अनेकांनी दिला. इतकेच नव्हे, तर विकतच्या संचावरून केलेल्या वस्तू पुढील वर्षापासून प्रदर्शनात घेऊच नयेत, अशीही सूचना पुढे आली आहे. सूचना करणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. विद्यार्थ्याने स्वतःच्या बुद्धीने व हाताने काही करावे, हाच त्यांचा आग्रह आहे आणि तो योग्यच आहे. परंतु खोक्यात काय येते आणि काय येत नाही, हे पाहिल्यावाचून दिलेला हा निवाडा आम्हांस मान्य नाही.

खोक्यात येते ते असे : प्लायवूडचा, यंत्राने कापलेला एक कणा, त्यावर आडवे बसवायचे दहाबारा पडदे, म्हणजे जहाजाच्या पोटाचे ठिकठिकाणचे छेद, मऊ पांढऱ्या लाकडाच्या व अक्रोडाच्या लांब पट्ट्यांची जुडगी, डोलकाठ्यांसाठी गोल काठ्या, बारीक पितळी खिळे, दोऱ्याची रिळे आणि एक आराखडा. यांत जहाज कोठेही नाही. पट्ट्या सरळ असतात, आणि जहाजाच्या अंगावर सरळ रेषा जवळजवळ नसतेच. सारी मेख येथे आहे.

जहाज मध्यभागी फुगीर आणि नाळेकडे निमुळते असते. समजा, मधल्या पडद्याची कड वरच्या काठापासून कण्यापर्यंत १०० मिलिमीटर भरली आणि पट्टी ५ मिलिमीटर रुंद असली, तर तेथे २० पट्ट्या लागतील. नाळेपाशी तीच कड ६० मिलिमीटर भरते. पट्ट्या मात्र २०च बसवायच्या. म्हणजे प्रत्येक पट्टी टोकाशी ३ मिलिमीटर झाली पाहिजे, आणि तीही एकदम नव्हे, हळूहळू उतरत. तासलेली पट्टी कोमट पाण्यात भिजवावी, वाकवावी, सुकू द्यावी, आणि मगच तिला सरस लावावा. एक पट्टी डाव्या कुशीवर बसली की पुढची उजव्या कुशीवर बसवावी लागते. एकाच बाजूच्या पाचसहा पट्ट्या आधी ओढून बसविल्या, तर त्यांच्या ताणाने कणाच पिळवटतो. आणि सरस सुकल्यावर तो पीळ काढणे जवळजवळ अशक्यच. पडद्यांच्या कडाही दोन्ही टोकांकडे तिरप्या घासाव्या लागतात, नाहीतर पट्टी कडेच्या एका रेषेवरच टेकते आणि सांधा धरत नाही. हे सर्व आराखड्यात दोन ओळींत उरकलेले असते. त्रैराशिक तोंडपाठ असलेला विद्यार्थीही ते लाकडावर उतरवताना पहिल्या दिवशी अडतो, असा आमचा अनुभव आहे.

दोरांविषयी लिहू लागलो तर अंक पुरणार नाही. डोलकाठीवर चढण्याच्या दोरशिडीच्या पायऱ्या खऱ्या जहाजावर सुमारे १५ इंचांच्या अंतरावर असतात. १:९६ या प्रमाणात ते अंतर ४ मिलिमीटर होते, आणि प्रत्येक पायरी प्रत्येक उभ्या दोराशी गाठीने बांधावी लागते. (आमच्यातील एकाने चार संध्याकाळी एवढेच केले. त्याची ती बैठक पाहून त्याच्या मातोश्रींना अभ्यासाविषयी नवी आशा वाटू लागली आहे.) येथेच आम्हांस आणखी एक गोष्ट उमगली. लांबी ९६ पटींनी घटते तेव्हा शिडाचे क्षेत्रफळ ९,२१६ पटींनी घटते आणि घनफळ ८,८४,७३६ पटींनी. म्हणूनच प्रतिकृतीवरचा दोरा खऱ्या दोरखंडाप्रमाणे स्वतःच्या भाराने झोल खात नाही. तो ताठ उभा राहतो, आणि त्याला मेण लावून चुचकारावे लागते.

खोका काय हिरावून घेतो, तेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. खऱ्या जहाजाला बरगड्या असतात, प्लायवूडचे पडदे नव्हेत. वाकड्या बरगडीसाठी तसेच वाकडे वाढलेले लाकूड शोधणे, त्याची पारख करणे, आकृती काढणे, हा जहाज बांधणाऱ्या सुताराच्या विद्येचा मोठा भाग आमच्या वाट्याला आलाच नाही. जो हे सारे स्वतः करतो तो आमच्याहून श्रेष्ठ, यात वाद नाही. पहिल्याच खेपेस ‘व्हिक्टरी’सारखे तीन डोलकाठ्यांचे आणि शंभरावर तोफांचे जहाज आणणे, हा तर निव्वळ हव्यास होय. एका डोलकाठीची लहानशी नौका पुरी करावी. ती तरी पुरी होते.

परंतु आराखडा दुसऱ्याचा म्हणून जहाज बांधणाराचे नव्हे, असे म्हणावयाचे झाल्यास मुंबईच्या गोदीत १८१७ साली पाण्यात उतरलेल्या ‘ट्रिंकोमाली’चे काय करावयाचे? त्याचा घाट मुळात फ्रेंच. ‘एब’ ही फ्रेंच युद्धनौका इंग्रजांनी १७८२ मध्ये पकडली आणि तिच्या घाटाच्या नौका स्वतः बांधण्यास आरंभ केला. मुंबईकडे निघालेला आराखडा ‘जावा’ या जहाजाबरोबर नष्ट झाला. १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ते जहाज निकामी केले. पुन्हा नक्कल आली, तेव्हा कामास हात लागला. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मलबारी सागवानात उभे केलेले ते जहाज दोनशे वर्षे उलटून गेल्यावर आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे. घाट फ्रेंचांचा, कागद इंग्रजांचा. पण बांधणी वाडियांची, असेच सारे म्हणतात. सागाची पारख आणि सांध्यांची घट्टाई कागदावरून आलेली नव्हती.

याच्या उलट उदाहरण अलीकडे आपल्या गोव्यातच घडले. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील एका चित्रावरून ‘कौंडिण्य’ हे जहाज येथे बांधले गेले, आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झाले. तेथे आराखडाच नव्हता. एका सपाट चित्रावरून सारी मापे ठरवावी लागली. बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली केरळच्या कारागिरांनी त्याच्या फळ्या काथ्याने शिवल्या. त्या धाडसापुढे आमचे काम काहीच नव्हे. परंतु तेथेही आधी प्रतिकृती करून तिची परीक्षा मद्रासच्या आय. आय. टी.त घेतली गेली. विल्यम फ्रूड याने १८७० नंतरच्या दशकात इंग्लंडात टॉर्की येथे हौद बांधून मेणाची जहाजे ओढून पाहिली, तेव्हापासून मोठ्या जहाजाची चाल लहान जहाजावरूनच जोखली जाते. तेव्हा ‘खेळणे’ हा शब्द तरी टीकाकारांनी मागे घ्यावा.

आमची सूचना अशी आहे. संचास बंदी करू नये. त्याऐवजी संचावरून केलेल्या जहाजाची एक कूस रंगाविना ठेवावी, असा नियम करावा, म्हणजे सांधे उघडे दिसतील. पट्ट्या नाळेकडे कशा उतरल्या आहेत, फटींत सरस आणि भुसा किती भरला आहे, हे परीक्षकांनी बोटाने चाचपून पाहावे. आणि शंका राहिलीच, तर करणाराच्या हाती एक कोरी पट्टी व रंधा देऊन, ती नाळेसाठी तासून दाखविण्यास तेथेच सांगावे.