चादर आपली, वही परक्याची

सोलापूरच्या चाटी गल्लीत चादर घ्यावयास आलेले गिऱ्हाईक आल्याबरोबर भाव विचारीत नाही. ते घडी उलगडते, पोत बोटांत धरून पाहते, मग दुसरा रंग मागते. गादीवर बसलेल्या दुकानदाराला त्या चार मिनिटांत पुष्कळ काही उमगते. कोणती नक्षी हाती घेऊन परत ठेवली गेली, कोणत्या किमतीस मान नकारार्थी हलली, कोण नुसता पाहावयास आला आणि कोण खरोखर घेणार, हे कोठेही न लिहिता तो पुढच्या आठवड्याचा माल मागवितो. आता तीच चादर ऑनलाइन दुकानातून गुवाहाटीस जाते, कोचीस जाते. गिऱ्हाइकाचा हात दिसत नाही आणि मानही दिसत नाही. त्यांची जागा आकड्यांनी घेतली आहे.

हे आकडे ज्या फलकावर दिसतात त्यास ‘डॅशबोर्ड’ म्हणतात. चादरीचे पान किती जणांनी उघडले, खरेदीच्या यादीत किती जणांनी ती घातली, पैसे किती जणांनी भरले आणि किती नग परत आले, हे सारे तेथे असते. सर्वांत वर आणि सर्वांत ठळक असते ती एकूण विक्री. पूर्व विभागातील ज्या लहान यंत्रमागधारकांनी गेल्या काही वर्षांत या बाजारात पाय ठेवला आहे, त्यांपैकी बहुतेकांची नजर त्या ठळक आकड्यावरच खिळते. तो वाढला की धंदा वाढला, अशी समजूत होते. ती किती फसवी आहे हे एका साध्या हिशेबाने दाखविता येईल.

समजा, ८०० रुपयांची एक चादर आहे. सूत, मजुरी, बांधणी मिळून खर्च ५६० रुपये. कंपनीचे कमिशन आणि पोचविण्याचा खर्च १२० रुपये. म्हणजे नगामागे उरतात १२० रुपये. एका महिन्यात हजार जणांनी पान पाहिले आणि २० जणांनी चादर घेतली. दोन नग परत आले, त्यांच्या जाण्यायेण्याचे प्रत्येकी १५० रुपये अंगावर पडले. अठरा नगांचे २,१६० रुपये, त्यांतून ३०० वजा, शिल्लक १,८६०. पुढच्या महिन्यात विक्रेत्याने जाहिरात घेतली. प्रत्येक नव्या भेटीस दोन रुपये याप्रमाणे दोन हजार भेटींचे ४,००० रुपये झाले. पाहणारे तीन हजार झाले, घेणारे ३६. फलकावरील विक्री १६,००० वरून २८,८०० झाली, म्हणजे ८० टक्के वाढ! परंतु घाईने घेतलेल्या ३६ पैकी ९ नग परत आले. उरलेल्या २७ नगांचे ३,२४० रुपये, त्यांतून परतीचे १,३५० आणि जाहिरातीचे ४,००० वजा केले की २,११० रुपयांचा तोटा येतो. अभिनंदनाचा हिरवा बाण मात्र वरच्या दिशेनेच असतो.

हा हिशेब सातवीच्या विद्यार्थ्यालाही जमेल. अडचण गणिताची नाहीच. पाहणाऱ्यांपैकी घेणारे किती, हे प्रमाण पहिल्या महिन्यात शेकडा दोन होते, दुसऱ्यात ते १.२ वर घसरले. पण ते प्रमाण खालच्या कोपऱ्यात असते आणि परतीचा खर्च वेगळ्या पानावर. शिवाय चादर हा ऋतूचा माल आहे. गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीतील विक्रीशी वैशाखाची तुलना करून हताश होणे जितके व्यर्थ, तितकेच वैशाखाशी थंडीची तुलना करून फुशारकी मारणे व्यर्थ. तुलना करावयाची ती गेल्या वर्षाच्या त्याच महिन्याशी. आणि तीही वर्ष पारखून. २०२० चा एप्रिल टाळेबंदीत गेला, त्याच्याशी २०२१ चा एप्रिल ताडून पाहणाऱ्यास कोणताही माल सोन्यासारखा विकला गेल्याचेच दिसले असते.

या सर्व आकड्यांत प्रस्तुत लेखकास सर्वांत बोलके वाटतात ते परतीचे. परत पाठविताना गिऱ्हाईक कारण निवडते: रंग चित्रातल्यासारखा नाही, आकार लहान, कापड अपेक्षेपेक्षा जाड. ही कारणे दर वेळी खरी असतात असे नव्हे. लोक यादीतले पहिले कारण दाबून मोकळे होतात. तरीही एकाच नक्षीच्या चादरी ‘रंग वेगळा’ म्हणून पुन्हा पुन्हा परत येत असतील, तर दोष मागाचा नव्हे, छायाचित्राचा आहे, आणि तो एका दुपारी दूर होण्यासारखा आहे. ‘जाड’ हा शेरा तर सोलापूरकरास चक्रावून टाकणारा. जाडी हाच ज्या चादरीचा लौकिक, ती जाड म्हणून परत यावी! याचा अर्थ एवढाच की, वर्णनात वजन लिहिलेले नव्हते. चाटी गल्लीत जे काम गिऱ्हाइकाची बोटे करीत, ते येथे शब्दांनी करावयाचे असते.

गिऱ्हाइकाने शोधताना कोणते शब्द टाकले, हा आकडाही असाच मोलाचा आहे. सोलापुरी चादरीस भौगोलिक मानांकन आहे. तरी परप्रांतातील माल सोलापुरी नावाने खपविला जातो, ही येथील कारखानदारांची जुनी तक्रार आहे. ‘सोलापुरी चादर’ असे शोधणाऱ्यांपैकी किती जणांना खरोखर सोलापूरची चादर दिसली आणि किती जणांनी भलतीच घेतली, हे कळले तर त्या तक्रारीस पुराव्याचे बळ येईल. पण नेमके हे सांगणारी समग्र नोंद कंपनीच्या दप्तरात असते. विक्रेत्यास दिसतो तो कंपनीने निवडलेला, कंपनीने मांडलेला भाग.

येथे प्रश्न आकडे वाचण्यापुरता राहत नाही. वही कोणाच्या घरी आहे, असा होतो. महाराष्ट्रास हा प्रश्न नवा नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला आणि पुणे-नगर भागात पसरला. शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरावर होता. आपल्या कर्जाचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत आहे आणि तो आपणास वाचता येत नाही, हे त्यांचे शल्य होते. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. तो आरंभी ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला, त्यांत पुणे, सातारा व अहमदनगर यांच्याबरोबर सोलापूरही होते. पैसे दिल्याची पावती, सालाबादचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क त्या कायद्याने कर्जदार शेतकऱ्यास दिला. कायद्याने शेतकरी कर्जमुक्त झाला नाही, हे खरे. पण हिशेब पाहणे ही मेहेरबानी नव्हे, हे तत्त्व तेथे मान्य झाले.

कंपन्यांची बाजू अगदीच लटकी नाही. गिऱ्हाइकांची नावे आणि पत्ते त्यांनी वाटत सुटू नये हे योग्यच आहे. आपल्यापैकी कित्येक कारखानदार एका चादरीचा खरा उत्पादनखर्चही काढीत नाहीत. त्यांना फलकावरचे आकडे निदान हिशेबाची सवय लावतात. परंतु माल मांडण्याची जागा ज्याची, आकड्यांची वही ज्याची आणि काही वेळा स्पर्धक विक्रेताही तोच, अशी स्थिती असेल तर सावध राहणे भाग आहे. युरोपीय आयोगाने २०२० च्या नोव्हेंबरात ॲमेझॉनवर आरोप ठेवला होता तो असाच: स्वतंत्र विक्रेत्यांची अप्रकाशित माहिती कंपनी स्वतःच्या विक्रीसाठी वापरते. २०२२ च्या डिसेंबरात तशी माहिती न वापरण्याची हमी कंपनीने दिली व प्रकरण मिटले. पुढे तेथील नव्या कायद्याने, विक्रेत्याच्या व्यवहारातून निर्माण झालेली माहिती त्यास विनामूल्य मिळावी, असे बंधन बड्या कंपन्यांवर घातले. आपल्याकडील २०२० च्या ई-व्यापार नियमांनी माल वरखाली लावण्याचे मुख्य निकष सोप्या भाषेत सांगण्याची सक्ती केली. ती ग्राहकाच्या हितासाठी आहे. विक्रेत्यास आपल्याच मालाची संपूर्ण नोंद मागण्याचा हक्क तीतून मिळत नाही.

तो हक्क दिल्लीत मिळेल तेव्हा मिळो. तोवर जेवढे आकडे हाती येतात तेवढे दर महिन्यास उतरवून घेऊन स्वतःच्या वहीत मांडणे कोणी अडविलेले नाही. येथील वाणिज्य शाखेचे विद्यार्थी पाठ्यपुस्तकातील काल्पनिक व्यापाऱ्यांची खाती वर्षानुवर्षे जुळवितात. त्यांतील चौघांनी पूर्व विभागातील एका कारखान्याची सहा महिन्यांची विक्री, परती आणि जाहिरातखर्च एका कागदावर आणला, तर त्या कारखानदारास निदान हे कळेल की, पुढच्या महिन्यात किती माग चालू ठेवावयाचे आणि जाहिरात घ्यावयाची की नाही. त्याच्या मागावर काम करणाऱ्या विणकराचा आठवड्याचा पगार यावरच अवलंबून असतो.