उकळूनही जे पाणी शुद्ध होत नाही : सौर ऊर्ध्वपातनाचा दीडशे वर्षांचा इतिहास

१/१२
आमगाव म्हणजे धानाचा आणि तलावांचा गोंदिया जिल्हा. येथे पाण्याची चर्चा कशाला, असे कोणासही वाटेल. परंतु पाणी मुबलक असणे आणि ते पिण्याजोगे असणे या भिन्न गोष्टी आहेत. उन्हाने पाणी शुद्ध करण्याच्या जुन्या युक्तीचा हा इतिहास. आणि शेवटी एक स्पष्ट मत.

२/१२
आरंभ हातपंपापासून. १९७२च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधन विहिरी झपाट्याने वाढल्या. सोलापुरात घडलेल्या ‘सोलापूर पंपा’च्या रचनेतूनच पुढे ‘इंडिया मार्क २’ विकसित झाला आणि देशभर पोहोचला. उघड्या विहिरीपेक्षा हे पाणी बंदिस्त. पटकी आणि हगवणीविरुद्धच्या लढ्यातील ते मोठे पाऊल होते.

३/१२
मात्र खोल खडकातील पाणी दगडाच्या सहवासात दीर्घकाळ राहते. ग्रॅनाइटसारख्या खडकांतील फ्लोराइड त्यात विरघळते. पूर्व विदर्भात चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया या जिल्ह्यांतील काही ठिकाणी ते मर्यादेबाहेर आढळले आहे. हातपंपाने एक शत्रू दूर केला आणि काही गावांत दुसरा वर आणला.

४/१२
भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकार्य. अन्य स्रोतच नसेल तर १.५. त्याहून अधिक प्रमाण वर्षानुवर्षे पोटात गेले की आधी दात डागाळतात, पुढे हाडे आणि सांधे ताठ होतात. भारतात या विकाराचे शास्त्रीय वर्णन १९३७ साली नेल्लोर भागातून प्रसिद्ध झाले.

५/१२
येथेच आपली घरगुती समजूत फसते. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट वाफ उडून जाते, विरघळलेले क्षार खालीच राहतात आणि उरलेले पाणी अधिक तीव्र होते. कापडाने गाळणे, क्लोरीन टाकणे यांचाही येथे उपयोग नाही.

६/१२
म्हणजे शुद्ध भाग त्या उडणाऱ्या वाफेत आहे! ती पकडून थंड केली की झाले ऊर्ध्वपातन. हे तत्त्व आमच्या भागाला परके नाही. मोहफुलांची दारू गाळणाऱ्यांनी मडक्यांची उतरंड रचून पिढ्यानपिढ्या हेच केले. तेथे लाकूड जळते. सौर यंत्रात ऊन ते काम करते.

७/१२
मोठ्या प्रमाणावरील पहिला प्रसिद्ध प्रयोग चिलीतील लास सालिनास येथे, १८७२ साली. चार्ल्स विल्सन या अभियंत्याने वाळवंटातील खाणवस्तीसाठी लाकडी उथळ टाक्यांवर तिरप्या काचा बसवल्या. सुमारे ४,७०० चौरस मीटर काचेखालून उत्तम दिवशी २०,००० लिटरहून अधिक गोडे पाणी मिळे. हा कारखाना सुमारे चाळीस वर्षे चालला.

८/१२
आपल्याकडील उदाहरण भावनगरजवळच्या अवानिया गावचे. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने १९७८ साली तेथे दिवसाला सुमारे ५,००० लिटर क्षमतेचे सौर संयंत्र उभारले. खाऱ्या पाण्याच्या गावाला उन्हातून पिण्याचे पाणी देण्याचा तो प्रयत्न होता.

९/१२
आता घरगुती हिशेब. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे २,३०० किलोजूल उष्णता लागते. स्वच्छ दिवशी एका चौरस मीटरवर साधारण १८,००० किलोजूल ऊन पडते; त्यातील तिसरा हिस्सा जरी कामी आला तरी पाणी मिळते अडीच लिटरच्या आसपास. पाच माणसांच्या नुसत्या पिण्यासाठी पाच-सहा चौरस मीटर काच हवी.

१०/१२
खर्च काचेचा, काळ्या रंगाच्या उथळ टाकीचा आणि पन्हळीचा. यंत्राला वीज वा इंधन लागत नाही. निगा मात्र रोजची : काच पुसणे, साचलेला क्षार धुणे, फटी बुजवणे, झाकलेले भांडे वापरणे. पावसाळ्यात ऊन नसते. पण पाऊस म्हणजे सूर्यानेच गाळलेले पाणी. त्याच काचेवरून ते धरता येते. कोहळी समाजाने या मुलखात बांधलेल्या तलावांनीही पावसाचेच पाणी साठवले होते.

११/१२
माझे मत असे. सौर ऊर्ध्वपातन हा नळयोजनेला पर्याय नव्हे. आंघोळ, धुणे, गुरे यांसाठी ते कधीच पुरणार नाही. ‘स्वस्त यंत्र वाटले, प्रश्न मिटला’ असे म्हणून शासनाने हात झटकणे अन्यायाचे ठरेल. परंतु सुरक्षित नळ येईपर्यंत ज्या घरातील मूल फ्लोराइडचे पाणी पिते, त्या घरासाठी एक गुंड निर्दोष पाणी ही क्षुल्लक गोष्ट नाही. डागाळलेले दात आणि वाकलेली हाडे पूर्ववत होत नाहीत.

१२/१२
म्हणून आधी तपासणी. ग्रामपंचायतीला मिळणारे लाल, पिवळे, हिरवे कार्ड मुख्यतः स्रोताच्या स्वच्छतेविषयी सांगते. फ्लोराइडसाठी प्रयोगशाळेचा अहवालच पाहावा लागतो. फ्लोराइड वा अन्य घातक विरघळलेले घटक मर्यादेबाहेर नसतील तर उकळणे, क्लोरीन पुरेसे. काचेवर पैसे घालू नयेत. असेल तर हातपंपावर तसे लिहावे आणि बाधित घरांना यंत्राबरोबर निगेचे शिक्षणही द्यावे. इतिहासाच्या अभ्यासकांनो, आपल्या गावचा हातपंप कोणत्या साली खोदला आणि त्याच्या पाण्याचा शेवटचा अहवाल कधीचा, एवढे शोधून येथे लिहा. गावाचा इतिहास अशा कागदांतूनही वाचता येतो.