आधी बोलून ठरवा, मग मूल कडेवर घ्या

जव्हार-मोखाड्यात बदली होऊन येणाऱ्या शिक्षिका, परिचारिका आणि बँकेतल्या कर्मचारी महिलांपुढे पहिला प्रश्न घराचा असतो आणि दुसरा लहान मुलाचा. शहरासारखी पाळणाघरे इथे गल्लोगल्ली नाहीत. अंगणवाडी काही तासच चालते आणि तीन वर्षांखालच्या बाळाला दिवसभर ठेवण्याची सोय तिथे सहसा नसते. मग शेजारची एखादी खाला किंवा भाभी म्हणते, "ठेवून जा, माझ्या मुलांबरोबर तेही खेळेल." सुरुवात अशी मायेने होते. तीन-चार महिन्यांनी मात्र दोन्ही घरांत कुरबुर सुरू होते. एकीला वाटते, दिवसभर राबून हातात काही उरत नाही. दुसरीला वाटते, कितीही दिले तरी समाधान नाही. दोघींपैकी खोटी कोणीच नसते. मुळात काय ते ठरलेलेच नसते.

आपल्या भगिनींना इथे संकोच आडवा येतो. शेजारचे मूल सांभाळायचे आणि त्याचे पैसे मागायचे? पण हा संकोच आपल्याला दीनने शिकवलेला नाही. सूरह तलाकच्या सहाव्या आयतीत, तलाकनंतर बाळाला दूध पाजणाऱ्या खुद्द आईलाही मोबदला देण्यास आणि तो आपसात भलेपणाने ठरवण्यास सांगितले आहे. आईच्या कामाचे मोल जिथे मान्य आहे, तिथे शेजारणीच्या कामाचे का नसावे? तासाभरासाठी मूल ठेवून घेणे हा शेजारधर्म. महिनाभर रोज नऊ तास सांभाळणे हे काम आहे.

मोखाड्याला हे उदाहरणाने सांगायचे, तर रोजगार हमीचे देता येईल. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात आकाराला आलेल्या या योजनेचा राज्यात 1977 साली कायदा झाला आणि 2005 साली देशाचा. देशाच्या कायद्यात एक तरतूद होती. कामावर आलेल्या महिलांबरोबर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांच्यापैकी एकीला मुले सांभाळायला नेमायचे आणि तिलाही मजुरी द्यायची. म्हणजे कुदळ मारणारीचे काम जेवढे काम, तेवढेच मुलांना राखणारीचेही.

मग मागायचे किती? हीच मजुरी माप म्हणून घेऊ. 2024-25 मध्ये महाराष्ट्रात तिचा दर रोज 297 रुपये होता. महिन्याचे 26 दिवस धरले, तर 7722 रुपये होतात. एक बाई तीन मुले सांभाळत असेल, तर प्रत्येकामागे 2574 रुपये आले. त्यात खर्च मिळवा. समजा, दूध-जेवणाचे दिवसाला 25 रुपये, म्हणजे 650, आणि साबण, गॅस, वीज यांचे 150. एकूण 3374 रुपये. तुमच्या घरचे आकडे वेगळे निघतील, पण हिशोब याच रीतीने करा. समोरच्या घराला रक्कम जड वाटली, तर आईने डबा द्यावा, 650 रुपये कमी होतील. किंवा तास कमी करावेत. भिडेखातर आपलीच मजुरी कापू नये, आणि ती भरून काढायला झेपणार नाहीत इतकी मुलेही घेऊ नयेत.

पैशाइतक्याच महत्त्वाच्या बाकीच्या अटी. पहिली, वेळेची. पावसाळ्यात घाटातून येणाऱ्या एसटीला उशीर होणारच. म्हणून अर्धा तास सवलतीचा ठेवा आणि त्यापुढे तासाचा दर सांगून टाका. वरच्या हिशोबाने नऊ तासांचे 297, म्हणजे तासाला 33 रुपये. बाकीची मुले गेल्यावर एकाच मुलासाठी थांबावे लागते, म्हणून हा दर तीन मुलांत वाटायचा नाही.

दुसरी, सुट्टीची. शिक्षिका मे महिन्यात गावी जातात आणि त्या महिन्याचे पैसे द्यायचे की नाही यावरून हमखास बिनसते. जागा राखून ठेवायची असेल, तर निम्मे पैसे घेणे दोघींना सोसते. सांभाळणारीलाही सुट्टी हवी. रमजानमध्ये वेळ बदलणार असेल किंवा दोन्ही ईदना काम बंद असेल, तर ते आधीच सांगा. तुमच्या अडचणीने खाडा पडला, तर त्या दिवसाचे पैसे वजा करा. मूल आले नाही म्हणून मात्र वजावट नको, कारण त्याची जागा तुम्ही राखलेली असते.

तिसरी, जेवणाची. मूल हिंदू घरातले असेल आणि त्या घरी अंडे-मांस चालत नसेल, तर पहिल्याच दिवशी विचारून घ्या आणि आईने सांगितलेले तंतोतंत पाळा. दुसऱ्याचे मूल ही अमानत आहे, आणि त्याच्या ताटात काय पडते तेही तिच्यातच येते.

चौथी, आजारपणाची. ताप किंवा उलट्या असतील, तर मूल त्या दिवशी आणू नये, इतर मुलांना त्रास होतो. आईने लिहून दिल्याशिवाय कोणतेही औषध देऊ नका. दोन फोन नंबर भिंतीवर चिकटवा. प्रसंग आलाच, तर 108 ला फोन करायचा की थेट ग्रामीण रुग्णालय गाठायचे, हे आधीच बोलून ठेवा. मूल न्यायला कोण येणार त्यांची नावेही लिहून घ्या. दुसरे कोणी आले, तर आईला फोन केल्याशिवाय मूल हवाली करू नका.

पालकांनीही एक लक्षात ठेवावे. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. पगार झाला की पहिल्या पाच दिवसांत पैसे पोहोचले पाहिजेत. सांभाळणे थांबवायचे असेल, तर एक महिना आधी सांगावे, आणि हा नियम दोन्ही बाजूंना सारखाच असावा.

1872 च्या करार कायद्यानुसार तोंडी करारही चालतो, पण वाद झाला की तो सिद्ध करणे कठीण जाते. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, तोच शहाणपणा इथेही उपयोगी पडेल. वहीच्या एका पानावर रक्कम, वेळ, सुट्टी, जेवण, आजारपण आणि सूचनेची मुदत लिहा. एकीला वाचता येत नसेल, तर मोठ्याने वाचून दाखवा. दोघींनी सह्या करून एकेक प्रत ठेवा आणि दर सहा महिन्यांनी ते पान पुन्हा बघा. शेजारणीवर विश्वास नाही म्हणून हे लिहायचे नसते, तो विश्वास टिकावा म्हणून लिहायचे असते.