सही कोणाची?

परीक्षा घेणे हा माझा व्यवसाय. गेली वीस वर्षे मी मुलांना समास सोडवायला सांगतो, अलंकार ओळखायला लावतो आणि ते चुकले की तांबडी शाई चालवतो. पण परीक्षकाची ही सवय घरात शिरली म्हणजे काय होते, त्याची हकिकत यंदा वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही. दिवाळीच्या अंकात कबुलीजबाब शोभत नसेल, तर फराळाच्या ताटातली एखादी करपलेली चकली समजून तो बाजूला सारावा.

आमच्या आईचे वय ७६. दोन वर्षांपासून तिची स्मृती पाझरू लागली आहे. हात धुऊन पाटावरून उठली की घटकाभराने शेजारच्या काकूंना सांगते, "आज मला कुणी जेवायलाच वाढलं नाही." आमच्या सौ.चा चेहरा मग पाहवत नाही. आणि मी काय करी? पाहुणे आले की विचारी, "आई, आज वार कोणता?" आई गोंधळे, पदराशी चाळा करी, मग उगीच हसे. "बघा, हे असं आहे," मी पाहुण्यांना सांगे. मला वाटे, आपल्याला आईची केवढी काळजी!

श्रावणात आईला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, "विस्मृतीच्या विकारावर आमचं संशोधन चालू आहे. आजींचा एमआरआय आणि काही सोप्या चाचण्या करू द्याल का? आजींना स्वतःला यातून गुण येईल असं मात्र मी सांगणार नाही." संमतिपत्र चांगले चार पानी होते. मी लगेच खिशाला लावलेले पेन काढले. त्या म्हणाल्या, "आत्ता नको. घरी नेऊन वाचा."

आमचे चिरंजीव बी.एस्सी.ला आहेत. त्यांनी तो कागद पाहिला आणि म्हणाले, "बाबा, सही करण्याआधी तुम्ही हेन्रीची गोष्ट वाचा."

ती गोष्ट अमेरिकेतली. हेन्री मोलेसन या तरुणाला अपस्माराचे भयंकर झटके येत. १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, हार्टफर्ड येथील शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग काढून टाकला. समुद्रघोड्याच्या आकाराचा 'हिप्पोकॅम्पस' नावाचा अवयव त्यातच बराचसा गेला. झटके कमी झाले. पण त्या दिवसापासून नवी आठवण म्हणून हेन्रीच्या मनात टिकेना. भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की पुन्हा नवखा! ही शस्त्रक्रिया सरळसरळ प्रयोग होती, असे खुद्द स्कोव्हिल यांनीच पुढे १९५७ च्या निबंधात लिहिले.

त्याच निबंधाच्या सहलेखिका ब्रेंडा मिल्नर. त्यांनी हेन्रीला आरशात पाहून चांदणी गिरवायला लावली. रोज तो म्हणे, हे मी पूर्वी कधी केलेले नाही. आणि रोज त्याचा हात अधिक सफाईने चाले. डोके विसरते ते हात विसरत नाहीत. स्मृती एक नसून अनेक आहेत, हे जगाला त्याच्यामुळे कळले. ते वाचताना मला आईचे हात दिसले. तिला चतुर्थी कधी झाली ते सांगता येत नाही. पण पुढ्यात पारी ठेवली की करंजीची मुरड अशी पडते की सौ.ने पाहत राहावे.

पण आणखी एक प्रयोग वाचला आणि पुस्तक मिटून ठेवावेसे वाटले. हेन्रीचे जेवण झाले, ताट उचलले आणि मिनिटभराने दुसरे भरलेले ताट त्याच्यापुढे ठेवले. तो शांतपणे पुन्हा जेवला. थोडे सॅलड तेवढे मागे उरले. भूक मेंदूला कशी कळते, याचा तो अभ्यास होता. तपासणाऱ्यांनी त्याला दुष्टपणे वागवले असे कुणी म्हणणार नाही. पण आपल्यावर काय प्रयोग झाला, हे ज्याला दुसऱ्या दिवशी आठवणार नाही, त्याने तक्रार तरी कशी करावी? २००८ साली हेन्री वारला. पुढल्या वर्षी सॅन दिएगोत ५३ तास चाललेल्या कामात त्याच्या मेंदूचे २,४०१ काप काढले गेले आणि लोकांनी ते इंटरनेटवर घरबसल्या पाहिले. मेंदूच्या दानाची संमती न्यायालयाने नेमलेल्या पालकाची होती. हेन्रीचे जवळचे भाऊबंद हयात असताना त्यांना का विचारले नाही, हा वाद पुढे उठला. तो उठवला स्कोव्हिल यांच्याच नातवाने, २०१६ साली पुस्तक लिहून.

साधने आता फार पुढे गेली आहेत. शेवाळातल्या प्रथिनाचे जनुक मज्जापेशीत घालून प्रकाशाच्या झोताने ती पेशी जागी करता येते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत २०१३ साली या युक्तीने उंदराच्या डोक्यात खोटी आठवण घातली गेली. ज्या पेटीत त्याला कधीच इजा झाली नव्हती, तिच्यात ठेवताच तो भीतीने थिजून बसला. उंदराची सही कुणी घेत नाही. आपल्याकडे १९६० च्या कायद्याखाली अशा प्रयोगांना समितीची परवानगी लागते, ती त्याचसाठी: जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने कुणीतरी विचारायला हवे.

आईच्या वतीने मी होतो. ज्याला समजून संमती देता येत नाही त्याच्यासाठी कायदेशीर पालकाने सही करावी, आणि भाग घेणाऱ्याला केव्हाही मागे फिरता यावे, असे आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे २०१७ चे नियम सांगतात. मी आईला विचारले. ती म्हणाली, "कुणाचं भलं होणार असेल तर होऊ दे की." मी सही केली.

ठरल्या दिवशी एमआरआयच्या दाराशी धातूचे सारे काढून ठेवायचे होते. आईने आपल्या हाताने दोन्ही बांगड्या उतरवून माझ्या हाती दिल्या. घाबरल्यास दाबायचा रबरी चेंडू तिच्या मुठीत दिला. पण तो कशाला ते ती विसरणार, म्हणून डॉक्टरीणबाई स्वतः तिच्या पायावर हात ठेवून उभ्या राहिल्या. यंत्राची ठोकाठोक सुरू झाली. दहाएक मिनिटांत आईचा आवाज आला, "माझ्या बांगड्या कुणी काढल्या? मला घरी जायचंय!"

बाईंनी तत्क्षणी काम थांबवले. आईला बाहेर घेतले. मी चिडलो होतो. रजा वाया गेली होती.

"पण ती हो म्हणाली होती! बांगड्यासुद्धा तिनंच दिल्या!"

"तुमच्या लक्षात आहे ते. त्यांच्या लेखी त्या कुणीतरी काढून घेतल्या," बाई म्हणाल्या. "आणि आता त्या नाही म्हणतायत ना?"

मी काही बोललो नाही. आईच्या हातात बांगड्या चढवताना तिची बोटे थरथरत होती. पाहुण्यांसमोर वार विचारला की अशीच ती पदराशी थरथरत, हे मला तेव्हा आठवले. त्या परीक्षेला तिची संमती मी एकदाही विचारली नव्हती.

रिक्षात तिने चार वेळा विचारले, "आपण कुठं गेलो होतो रे?" चारही वेळा मी खरे उत्तर दिले.

दिवाळीनंतर बाईंनी पुन्हा बोलावले आहे. जायचे की नाही ते त्या सकाळी आईला विचारीन, आणि दाराशी पुन्हा एकदा विचारीन. वार मात्र मी आता तिला विचारत नाही. सकाळी चहा देताना आपणच सांगतो, "आई, आज गुरुवार बरं का." ती म्हणते, "ठाऊक आहे मला."