विद्यार्थ्यांच्या गुणांवरून शिक्षकांची पात्रता न ठरवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. विभागीय शिक्षण उपसंचालक, छत्रपती संभाजीनगर

विषय: नियतकालिक मूल्यांकन चाचणीचे गुण शिक्षकांच्या गोपनीय अहवालाशी व वेतनश्रेणीशी न जोडणेबाबत.

चाचणीतील गुणांवरून मुलाला त्या दिवशी काय येते ते कळते. शिक्षकाने किती व कसे शिकवले ते कळत नाही. तरीही 23 ऑक्टोबर 2017 च्या शासन निर्णयाने वरिष्ठ व निवड श्रेणी शाळेच्या प्रगत दर्जाशी, शाळासिद्धीतील ‘अ’ श्रेणीशी आणि नववी-दहावीच्या 80 टक्के निकालाशी जोडली होती. 12 आणि 24 वर्षांच्या सेवेनंतरचा हक्काचा लाभ त्यामुळे अडला. पुढे ही अट मागे घ्यावी लागली. ती दुसऱ्या कोणत्याही रूपात परत येऊ नये.

या विभागात असा निकष विशेष अन्यायकारक ठरतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलाचे नाव हजेरीपटावर राहते, मूल मात्र फडात असते. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावी थांबतात, सगळी नाहीत. कन्नड, सोयगावकडच्या तांड्यांवर मूल घरी गोरमाटी बोलते आणि शाळेत प्रथम भाषा म्हणून मराठीची चाचणी देते. द्विशिक्षकी शाळेत एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात. त्यात जनगणना व निवडणुकीची कामेही येतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नेच या कामांना मुभा दिली आहे. शहरात शिकवणीला जाणाऱ्या मुलांच्या गुणांशी या वर्गाची तुलना होऊच शकत नाही. बहुतेक अभ्यासांत गुणांतील फरकाचा 1 ते 14 टक्केच भाग शिक्षकांशी निगडित आढळतो, असे अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने 2014 मध्ये नमूद केले आहे.

नियतकालिक चाचणीच्या उत्तरपत्रिका शिक्षकच तपासतात, गुणही तेच ऑनलाइन भरतात. त्यावर त्यांचाच लाभ ठरू लागला तर गुण फुगतील, मागे पडलेले मूल कागदावर पुढे दिसेल आणि त्याला मदत मिळणार नाही. यात सर्वांत मोठे नुकसान मुलाचेच आहे. शिवाय तांड्यावरची शाळा कोणीही मागून घेणार नाही.

शिक्षकांच्या कामाची तपासणी व्हायलाच हवी. त्यासाठी केंद्रप्रमुख व विस्तार अधिकाऱ्यांनी वर्गात बसून पाठ पाहावेत, आणि त्याकरिता केंद्रप्रमुखांची रिक्त पदे भरावीत. पायाभूत चाचणीपासून झालेली मुलाची प्रगती त्याच्या उपस्थितीसह पाहावी. स्थलांतरित मुलांची नोंद स्वतंत्र ठेवावी. चाचणीचे गुण केवळ अध्यापनात सुधारणा करण्यासाठी वापरावेत, असे लेखी आदेश विभागातील पाचही जिल्ह्यांना द्यावेत आणि तशी शिफारस शासनाकडे पाठवावी, ही विनंती.

निवेदक: जिल्हा परिषद शाळांतील शिक्षक, छत्रपती संभाजीनगर विभाग