चावी आणि हिशेब

माझी एक मावशी कोकणात दिली आहे. तिच्या गावी मासेमारी नौकेचा मालक किनाऱ्यावर थांबतो आणि नौका तांडेलच्या हाती असते. आपल्याकडे घाटावर समुद्र नाही, पुणे-बंगळूर महामार्ग आहे. मिरज, सांगली, कराड, साताऱ्यात आपल्या कितीतरी घरांची चूल ट्रकवर पेटते. कुणाच्या घरी ट्रक आहे, कुणाच्या घरी ड्रायव्हर. दोन्ही घरे एकाच मोहल्ल्यात, जुम्याला एकाच सफमध्ये उभी राहणारी. म्हणून हा विषय मी मुद्दाम घेतला आहे.

मिरजेच्या माझ्या मामूंकडे दोन ट्रक होते. सांगलीहून हळद आणि तासगावहून बेदाणा भरून गाड्या गुजरातकडे जात. एका गाडीवर जे चाचा होते ते आम्हा मुलांना घरातलेच वाटायचे. एकोणीस वर्षे एकच मालक, एकच ड्रायव्हर. ईदला त्यांच्यासाठी शीरखुर्म्याचा डबा आधी भरला जाई, मग आमच्या वाट्या.

एका फेरीला डिझेलचा हिशेब जुळेना. अहमदाबादच्या जाऊन-येऊन फेरीला साडेचारशे लिटरच्या आसपास डिझेल लागायचे, यावेळी पंचेचाळीस लिटर जास्त गेले. पुढच्या फेरीलाही तेच. मामूंनी चाचांना विचारले असते तर काही बिघडले नसते. पण त्यांनी विचारले ते मार्केट यार्डात, हमाल आणि दोन व्यापारी उभे असताना, आणि विचारले तेही अशा शब्दांत की उत्तर आधीच ठरलेले होते. चाचा काही बोलले नाहीत. खिशातून चावी काढून गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि एवढेच म्हणाले, “चोर के हात में चाबी नै देते, शेठ.” आणि चालत निघून गेले.

नवा ड्रायव्हर आला. त्याच्या फेरीलाही अॅव्हरेज तेवढेच पडले. मग मिस्त्रीला गाडी दाखवली. इंजिनाचे नोझल खराब झाले होते. गाडी काळा धूर सोडतेय हे चाचांनी महिनाभर आधी सांगितले होते, असे मामींना आठवले. ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून मामूंनीच ते टाळले होते.

पवित्र कुरआनच्या सूरह कससमध्ये हजरत मूसा (अलै.) यांची हकिगत आहे. मदयनच्या विहिरीवर त्यांनी दोन मुलींच्या जनावरांना पाणी पाजले. घरी गेल्यावर त्यांतल्या एकीने वडिलांना सुचवले की यांना कामावर ठेवा, माणूस ताकदवान आहे आणि अमानतदार आहे. नोकर ठेवताना हे दोन गुण बघावेत, असे आपले उलेमा याच आयतीवरून सांगतात. पण लगेच पुढची आयत आपण घाईने वाचून जातो. तिथे मालक बोलतो. किती वर्षांचे काम ते तो आधीच सांगतो, आठ वर्षे, आणि दहा केलीत तर तुमची मर्जी. तुम्हाला त्रासात टाकायची माझी इच्छा नाही, हेही सांगतो. म्हणजे अमानत नोकराकडून मागायची असेल तर शर्ती स्पष्ट करण्याची जबाबदारी मालकाची. (आणि शिफारस मुलीने केली होती. ट्रकची वही ज्या घरात बायका ठेवतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.)

हजरत खदीजा (रजि.) स्वतः मालक होत्या. त्यांचा व्यापारी माल शामला जाई आणि त्या मक्केत असत. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांचा माल घेऊन निघाले, तेव्हा त्यांनी मयसरा नावाचा सेवक सोबत दिला. परत आल्यावर नफा चांगला झालेला होता, पण मयसराने मालकिणीला सांगितले ते जास्त करून त्या प्रवासातल्या वागणुकीबद्दल. आजच्या गाडीत मयसराऐवजी जीपीएस बसवतात. गाडी खंबाटकी घाटात किती वेळ उभी होती ते त्यातून कळते. ती कोंडीमुळे उभी होती की ड्रायव्हरला झोप अनावर झाली होती, ते कळत नाही.

ड्रायव्हर मंडळींचे दोष मी झाकणार नाही. डिझेल काढून विकणारे आहेत, बिलाबाहेरचा माल टाकून घेणारे आहेत. ही चोरीच आहे, आणि त्यातून आलेला पैसा मुलांच्या ताटात हलाल होत नाही. पण मालकाची खियानत जरा सभ्य दिसते. जादा माल भरायला लावायचा आणि पोलिसांपुढे लायसन मात्र ड्रायव्हरचे. खुराकी द्यायची, पण पगार ‘पुढच्या फेरीला’. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्या, ही हदीस आपण मुलांना तोंडपाठ करायला लावतो. १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा २०२५ पर्यंत कामाचे तास ठरवून देत असे, पण तो मुळात पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायासाठी होता. एक-दोन ट्रकवाल्या घरापर्यंत तो सहसा पोचत नसे. तिथे उरतो फक्त अल्लाहचा धाक.

काही वाचक म्हणतील, विश्वास असेल तर लिखापढी कशाला? मला उलट वाटते. कुरआनमधली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. वहीत उचल, खुराकी, डिझेल, पगाराची तारीख दोघांच्या सहीने असती, आणि ‘गाडी धूर सोडते’ हेही तारखेसह असते, तर मामूंची जीभ यार्डात घसरली नसती.

मामू चाचांच्या घरी गेले. एकटे गेले नाहीत, यार्डात हजर असलेल्या त्याच दोन व्यापाऱ्यांना सोबत घेऊन गेले. हा त्यांचा मोठेपणा मी मान्य करते. चार माणसांत केलेला आरोप बंद खोलीत मागे घेता येत नाही. त्यांच्या बायका-मुलांसमोर माफी मागितली. चाचांनी माफ केले, चहा पाजला, मामूंच्या गुडघ्याची चौकशी केली. मामूंनी चावी पुढे केली, तेव्हा मात्र त्यांनी ती घेतली नाही. कराडच्या दुसऱ्या मालकाकडे त्यांनी शब्द दिला होता.

आता मामेभावाने कर्ज काढून गाडी घेतली आहे. ड्रायव्हर तरुण आहे, साताऱ्याकडचा. पहिल्याच फेरीला भाऊ रात्री दीडपर्यंत मोबाईलवर गाडीचा ठिपका बघत होता आणि मधूनमधून फोन लावत होता, “कुठं पोचलास? थांबलास का?” मामी उठून आल्या. त्याच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाल्या, “तो गाडी चालवतोय. तू त्याला फोन उचलायला लावतोयस.”

फोन त्यांनी उशाखाली ठेवला. पहाटे फजरच्या आधी तो वाजला. ड्रायव्हरनेच केला होता, सुरतजवळच्या एका ढाब्यावरून.