नॉर्मल आहे म्हणे!

सध्या मराठीतला सर्वात महाग पडणारा शब्द कुठला, असं मला कुणी विचारलं तर मी 'नॉर्मल' असं उत्तर देईन. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून तो उच्चारला तर आपण देवापुढे साखर ठेवतो. गाडीच्या वर्कशॉपमध्ये तोच शब्द ऐकू आला तर मात्र खुशाल समजावं की समोरच्या माणसाने काहीही तपासलेलं नाही.

विषय आहे गाडीच्या काचांभोवतून येणाऱ्या वाऱ्याच्या आवाजाचा. हसू नका. सगळ्या काचा बंद असताना कानाशी अखंड फुस्स्स् चालू असणं म्हणजे काय, हे शहापूरहून नाशिकला आणि परत असा एक दिवस काढलेल्या माणसाला विचारा. घरी आल्यावर त्याच्याशी कुणी बोललेलं त्याला नको असतं.

पूर्वी हा प्रश्न आमच्याकडे नव्हता, कारण वेग नव्हता. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या पद्मिनीला पुढे तिकोनी काच असायची, ती उघडली की वारा थेट छातीवर. तिच्या फटीतून आवाज यायचा, पण इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून एवढा कल्ला करायचे की वाऱ्याची तक्रार करायला फुरसत कुणाला होती? शिवाय शहापूरहून सापगावमार्गे मुरबाडला जाताना, किंवा सरळगाव-टोकावडे करत माळशेज चढताना, काटा साठच्या पुढे जाणार तरी किती! चित्र बदललं ते ५ जून २०२५ ला. त्या दिवशी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि १२० ची वेगमर्यादा असलेला रस्ता शहापूर तालुक्याच्या उशाशी आला. तालुक्यातल्या निम्म्या गाड्यांचा खरा आवाज त्यांच्या मालकांना त्यानंतर पहिल्यांदा कळला, असं माझं मत आहे.

यात थोडं गणित आहे, पण सोपं आहे. वाऱ्याच्या आवाजाची ताकद ढोबळमानाने वेगाच्या सहाव्या घाताने वाढते. वेग दुप्पट, म्हणजे ६० चा १२० केला, की आवाजाची ताकद ६४ पट होते. डेसिबलमध्ये ही वाढ १८ आणि कानाला तो आवाज साधारण साडेतीनपट मोठा वाटतो. आता हेच उलटं करून पाहा. तुमची तक्रार १०० च्या वेगाची आहे आणि वर्कशॉपचा माणूस गाडी गल्लीतून ४० ने फिरवून आणतो. म्हणजे तो मूळ आवाजाचा सुमारे अडीचशेवा हिस्सा ऐकायला गेलेला असतो! तो परत येऊन "काही नाही साहेब, नॉर्मल आहे" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही. त्याला खरंच काही ऐकू आलेलं नसतं.

माझ्या गाडीचं अगदी हेच झालं. (वर्कशॉपचं नाव सांगत नाही. सगळीकडे हेच चालतं, एकालाच कशाला धरायचं?) डाव्या पुढच्या दारातून ८० च्या पुढे आवाज. ट्रायल झाली, ती वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत. मग पत्ता विचारला. शहापूर म्हटल्याबरोबर सल्लागाराचा चेहरा एकदम मोकळा झाला. "तुमच्याकडचे रस्ते खराब आहेत ना साहेब, त्यामुळे होतं."

मला चीड आली ती या वाक्याची. आमचे रस्ते खराब आहेत, कबूल. खड्ड्यांनी गाडीची बॉडी पिळवटते, दाराच्या बिजागऱ्या ढिल्या होतात, दार खाली बसतं, हेही कबूल. पण मग ते दार कुठे आणि किती बसलंय ते बघ ना बाबा! हाडवैद्याकडे गेलं आणि तो म्हणाला, "तुम्ही पडलात ना, म्हणून दुखतंय," तर आपण त्याला पैसे देऊ का? खराब रस्ता हे दोषाचं कारण असेल, पण दोष तपासायचाच नाही याचं ते कारण कसं होऊ शकतं? आणि याच माणसाकडे ठाण्यातल्या एखाद्या सोसायटीतली गाडी हीच तक्रार घेऊन आली असती तर त्याने निदान दार उघडून रबर पाहिलं असतं. मुरबाड-शहापूरच्या माणसाने असल्या नाजूक तक्रारी करायच्या नसतात, गाडी चालते यातच समाधान मानायचं असतं, असं त्याच्या मनात कुठेतरी पक्कं बसलेलं असतं. हप्ता मात्र दोघांना सारखाच.

बरं, तपासणं अवघड आहे म्हणावं तर तेही नाही. आधी कान द्यायचा. बारीक शिट्टी वाजत असेल तर कुठेतरी लहानसं भोक किंवा फट आहे. फुस्स् येत असेल तर रबर आणि दार यांची गाठ पडत नाहीये. फडफड म्हणजे एखादी पट्टी सुटली आहे. नुसताच घों घों आवाज सगळीकडून येत असेल तर तो बहुधा आरशाचा, कॅरिअरचा, म्हणजे बाहेरच्या आकाराचा. (मागची एकच काच उघडल्यावर कानात ढब ढब होतं ते वेगळं. दुसरी एखादी काच बोटभर खाली केली की ते थांबतं.) काँक्रिटवरून डांबरावर आल्याबरोबर आवाज बदलला तर तो टायरचा, वाऱ्याचा नाही. आणि घाटात वारा एका बाजूने लागल्यावर आवाज कमीजास्त झाला तर तो नक्की वाऱ्याचाच. नाणेघाटात पावसाळ्यात धबधबा उलटा वर उडवणारा आमच्याकडचा वारा आहे. दाराची फट शोधायला त्याला कितीसा वेळ लागणार!

मग दहाची नोट घ्यायची. दाराच्या फटीत धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. ती रबरात धरल्यासारखी, अडत अडत आली पाहिजे. वीतभर अंतराने दाराच्या चारही बाजूंना हे करा. जिथे नोट अलगद सुटून हातात येते तिथे गडबड आहे. आमच्याकडे तर धूळच अर्धं काम करते. वीटभट्ट्यांच्या दिवसांत दार उघडून आतली चौकट बघा. रबराच्या आतल्या बाजूला जिथे लाल धुळीची रेघ उमटलीय, तिथूनच वारा आत येतोय.

सर्वात खात्रीचा उपाय मास्किंग टेपचा. पेंटरकडे मिळते ती कागदी टेप. सगळ्या दारांच्या फटी, आरशाची बैठक, पुढच्या काचेच्या कडा, सगळं बाहेरून चिकटवून टाकायचं. (ज्या दारातून चढायचं-उतरायचं ते आत बसल्यावर दुसऱ्याकडून बाहेरून चिकटवून घ्यावं.) गाडी दुसऱ्याला चालवायला द्यायची, आपण फक्त ऐकायचं. शहापूर ते खर्डी, ठरावीक वेग, एकच रस्ता. आवाज गेला? मग एखाद्या ढाब्याच्या आवारात थांबून एकेक पट्टी काढत पुन्हा चक्कर मारायची. ज्या पट्टीनंतर आवाज परत आला, ती जागा. सगळं चिकटवूनही आवाज तसाच राहिला तर दोष फटीत नाही, आकारात आहे. समृद्धीवर मात्र हे करू नका, तिथे कडेला असं थांबायचं नसतं. आणि टेप त्याच दिवशी काढा, उन्हात तापली तर गोंद रंगावर राहतो.

इथे एक खोच आहे. उभ्या गाडीत नोट छान अडते आणि तरी पळताना आवाज येतो, असंही होतं. कारण वेगात बाजूच्या काचेवरून जाणारा वारा काचेला आत ढकलत नाही, बाहेर ओढतो. १२० च्या वेगाला एका पुढच्या काचेवर हा ओढा सहज दहा-पंधरा किलोचा असू शकतो. त्याने दाराची वरची चौकट किंचित बाहेर झुकते आणि रबराची पकड सुटते. म्हणजे रबर शाबूत असूनही दार आतून पुरेसं दाबून बसलेलं नाही. माझ्या दाराचं हेच निघालं. दार ज्या कडीत अडकतं तो स्ट्रायकर दोन स्क्रूंवर असतो. आधी त्याच्या भोवती पेन्सिलीने खूण करून घ्यायची, मग स्क्रू सैल करून त्याला दीडेक मिलिमीटर आत सरकवायचं. शहापूरच्या एका साध्या गॅरेजमध्ये दहा मिनिटांत झालं. पोऱ्याने चहाचेसुद्धा पैसे घेतले नाहीत. जे 'नॉर्मल' होतं ते त्यानंतर ऐकू आलेलं नाही.

प्रत्येकाचं इतकं सोपं निघणार नाही. बाहेरून स्पीकर बसवून घेतलेत का? मग दाराच्या पॅनेलमागचा प्लास्टिकचा पडदा फाडून तसाच सोडलेला असण्याची शक्यता मोठी. तिथून वाराही येतो आणि पावसाळ्यात पाणीही. पुढची काच बदललीय का? कडेच्या चिकटपट्टीत कुठेतरी फट राहिली असेल. आणि जुनी गाडी घेतली असेल तर जरा जास्तच कान द्या. मुंबई-ठाण्यात चार-पाच वर्षं वापरलेल्या गाड्या आमच्याकडे येतात, आणि "एक खरोचसुद्धा नाही" म्हणून विकलेल्या गाडीचं एकच दार वाजतं. चारांतलं एकच का? ठोकून, ओढून, रंगवून बसवलेलं दार डोळ्याला कळत नाही, १०० च्या वेगाला कळतं. म्हसा यात्रेत बैल घेणारा माणूस दात मोजतो, चालवून बघतो, मग हात पुढे करतो. तोच माणूस पाच लाखांची गाडी रंगाची चकाकी बघून घेतो, याला काय म्हणावं!

उपाय म्हणून जे सर्रास केलं जातं त्याबद्दल न बोललेलं बरं, पण बोलतो. सिलिकॉनची ट्यूब. कुठे गळतंय ते न शोधता कडेकडेने फासायची. किंवा बाजारातली जाड रबरी पट्टी मूळ रबरावर आणखी चिकटवायची. मग दार लागेना, म्हणून आपटायचं, आणि एखाद्या दिवशी ते पहिल्याच खटक्यावर अडकून राहतं आणि आपल्याला वाटतं लागलं! तिसरा उपाय म्हणजे गाणी मोठी करायची. मागून हॉर्न देणारा ट्रक आणि ॲम्ब्युलन्स दोन्ही मग आशाताईंच्या आवाजात विरघळतात.

"वेग कमी करा की," असं म्हणणारेही भेटतात. जरूर करा. पण कायद्याने १२० ला परवानगी असलेल्या रस्त्यावर ९० ने जातानाही दार वाजत असेल तर दोष चालवणाऱ्याचा नाही. आणि हे श्रीमंती चोचले आहेत म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, मालकाला महिन्यातून दोनदा त्रास होत असेल, पण भाड्याची गाडी चालवणारा ड्रायव्हर दिवसाचे दहा तास त्या दाराशेजारी बसतो. त्याचे कान लगेच फुटणार नाहीत. तो दमतो, आणि दमलेला माणूस रात्री कसारा उतरतो.

'नॉर्मल' म्हणायचा अधिकार मी एकाच माणसाला देईन. ज्याने त्याच मॉडेलची दुसरी गाडी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने नेऊन दोन्ही ऐकल्या, त्याला. बाकीच्यांकडून जॉबकार्डवर लिहून घ्या, 'डावं पुढचं दार, ८० च्या पुढे आवाज, ट्रायल अमुक वेगाने घेतली.' वेगाचा आकडा लिहायची वेळ आली की गल्लीतली ट्रायल आपोआप हमरस्त्यावर जाते, असा माझा अनुभव आहे.

राहता राहिले ते काचांवर चिकटवलेले प्लास्टिकचे व्हायझर. टेप लावूनही घों घों थांबत नसेल तर आधी ते काढून बघा. पावसात काच खाली ठेवून पिचकारी मारायची सोय जाईल, एवढंच.